मामाचं तारेवरचं विमान आणि उशिरा आलेली वीज

आजचा भाग एका विमानाबद्दल आहे. त्याला रिमोट नाही, जीपीएस नाही, कॅमेरा तर नाहीच. दोन बारीक तारांना बांधलेलं असतं आणि माणसाभोवती गोल गोल उडतं. याला म्हणतात कंट्रोल लाइन मॉडेल. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा लिखित भाग. बोलताना जे ओघात आलं ते बरंचसं तसंच ठेवलंय.

गोष्ट सुरू होते साताऱ्यात, मामाच्या माळ्यावर. गेल्या दिवाळीत मामीने माळा साफ करायला मला वर चढवलं. घरातला एकुलता एक बीटेक भाचा, दुसरं काय काम देणार! तर तिथे एका खोक्यात जुन्या बेडशीटमध्ये गुंडाळलेलं एक विमान निघालं. पंखांची लांबी हातभरापेक्षा थोडी जास्त, बाल्साचं लाकूड, वर टिश्यू कागद आणि डोप. नाकावर अंगठ्याएवढं इंजिन. आणि वास! इतक्या वर्षांनीही एरंडेलाचा वास येत होता.

मामा खालूनच ओरडला, "अरे, पंख धरू नकोस, पोट धर!"

मामा कॉलेजात असताना पुण्यात एनसीसीच्या एअर विंगमध्ये होता. एनसीसी १९४८ मध्ये सुरू झाली आणि १९५० मध्ये तिला एअर विंग जोडली गेली. तिथे कॅडेटना एअरोमॉडेलिंग शिकवतात, आणि त्यात तारेवरची विमानं हा मोठा भाग असतो, अगदी आजही. मामाची दिल्लीच्या कॅम्पच्या निवडीपर्यंत मजल गेली होती. शेवटच्या उड्डाणात विमान उलटं उडवताना आपटलं आणि निवड हुकली. घरात ही गोष्ट आम्ही हजार वेळा ऐकली आहे आणि तिचा शेवट ठरलेला असतो : "इंजिनाने दगा दिला. ऐन वेळी बंद पडलं."

ही ओळ लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

तारेने विमान चालतं तरी कसं?

आधी तंत्र समजून घेऊ. पायलट मध्यभागी उभा. हातात एक हँडल, हँडलच्या वरच्या आणि खालच्या टोकाला एकेक तार. आमच्या विमानाच्या तारा दहा मीटर लांब आहेत. या तारा डाव्या पंखातून आत जातात आणि एका त्रिकोणी पत्र्याला जोडतात. त्याला बेलक्रँक म्हणतात. मनगट वर झुकवलं की एक तार ओढली जाते, बेलक्रँक फिरतो, त्याला जोडलेली सळई मागे सरकते आणि शेपटीची हलणारी पट्टी, म्हणजे एलेव्हेटर, वर होतो. विमान चढतं. मनगट खाली, विमान खाली. संपलं! डावीकडे-उजवीकडे असा प्रश्नच नाही, कारण तारेमुळे विमान वर्तुळातच राहतं.

पण तार ताठ असेल तरच हे चालतं. ती ताठ कशाने राहते? वेगाने. आमचं विमान तारांसकट साधारण अडीचशे ग्रॅमचं आहे. वेग सेकंदाला सोळा मीटर, म्हणजे ताशी साठ किलोमीटरच्या आतबाहेर. हिशोब केला तर हातावर सुमारे साडेसहाशे ग्रॅमचा ओढा येतो. एक फेरी चार सेकंदांत. वेग कमी झाला की तार सैल, आणि तार सैल झाली की तुमच्या हातात फक्त हँडल आहे, विमान नाही. म्हणून बाहेरच्या पंखाच्या टोकाला थोडं वजन घालतात आणि सुकाणूही किंचित बाहेर वळवलेलं असतं. विमानाने सतत बाहेर पळायचा प्रयत्न करावा अशी सगळी व्यवस्था.

हे सुचलं कुणाला?

आता इतिहास. १९३० च्या दशकात अमेरिकेत छोटी पेट्रोल इंजिनं मिळू लागली होती, पण मॉडेल एकदा सोडलं की सोडलं. वाऱ्यावर जाईल तिकडे जाईल. महिनाभर खपून बनवलेलं विमान दुसऱ्या गावात उतरायचं, किंवा सापडायचंच नाही. रेडिओ कंट्रोल होता, पण त्या काळचे व्हॉल्व्ह आणि बॅटऱ्या जड आणि खिशाला न परवडणाऱ्या.

ओरेगॉन राज्यातल्या पोर्टलंडला जिम वॉकर नावाचा माणूस होता. त्याची अमेरिकन ज्युनिअर नावाची कंपनी बाल्साची ग्लायडरं विकायची. त्याने १९४० च्या सुमारास 'फायरबॉल' नावाचं मॉडेल आणलं आणि तारेने उडवण्याच्या पद्धतीला नाव दिलं 'यू-कंट्रोल'. १९४० मध्येच पेटंटचा अर्ज केला, १९४२ मध्ये पेटंट मिळालं. वॉकर पक्का खेळिया होता. दोन हातांत दोन विमानं आणि तिसरं डोक्याला बांधलेलं, अशी तीन विमानं एकाच वेळी उडवून दाखवायचा. लोक वेडे व्हायचे.

युद्धानंतर तर लाटच आली. १९४७ मध्ये रे आर्डनने ग्लो प्लग बाजारात आणला. इंजिनात प्लॅटिनमची बारीक तार. सुरुवातीला दीड व्होल्टच्या सेलने ती तापवायची, एकदा इंजिन चालू झालं की सेल काढून घ्यायचा. मेथॅनॉलच्या वाफेमुळे ती तार आपली आपण लालबुंद राहते. स्पार्क कॉइल नको, विमानात बॅटरी नको. इंजिनाचा सगळा संसारच हलका झाला.

मग आला कॅलिफोर्नियातल्या सांता अॅनाचा लेरॉय कॉक्स. सुरुवात लाकडी खेळण्यातल्या बंदुकांपासून केलेला हा माणूस पुढे ०.०४९ घनइंचाची, म्हणजे जेमतेम ०.८ सीसीची इंजिनं ढिगाने बनवू लागला. त्याचं पीटी-१९ हे प्लॅस्टिकचं विमान रबरबँडने जोडलेलं असायचं. आपटलं की तुटायचं नाही, सुटं व्हायचं. परत रबर लावा, परत उडवा. शिकाऊ पोरांसाठी याहून चांगलं डिझाइन मला सुचत नाही.

वॉकर पेटंटवर रॉयल्टी मागायचा. कॉक्सने द्यायला नकार दिला आणि प्रकरण कोर्टात गेलं. १९५५ मध्ये तिथे पुढे आला ओबा सेंट क्लेअर. हा गडीही ओरेगॉनचाच! त्याने 'मिस शर्ली' नावाचं आपलं विमान १९३७ मध्येच तारांवर उडवलं होतं, वॉकरच्या अर्जाच्या तीन वर्षं आधी. कोर्टाला ते पटलं आणि वॉकरचं पेटंट रद्द झालं. तिकडे टेक्ससमधल्या शुलेनबर्ग गावातले स्टँझेल बंधूही साधारण त्याच काळात तारेने विमान चालवायची स्वतःची वेगळी पद्धत विकत होते.

मला या खटल्यात कुणी खलनायक दिसत नाही. सेंट क्लेअरने आधी केलं, पण ते जगभर नेलं वॉकरने. आमच्या धंद्यातही हेच होतं. पहिला कोड लिहिणारा वेगळा, प्रॉडक्ट करणारा वेगळा. फरक एवढाच की आमच्याकडे गिटमध्ये कमिटची तारीख असते. त्यांच्याकडे आठवणी होत्या, आणि सेंट क्लेअरच्या नशिबाने त्या वेळी त्या कोर्टासमोर सिद्ध करता आल्या.

रॉकेल, ईथर, एरंडेल

मामाचं इंजिन मात्र ग्लो नाही, डिझेल आहे. मिल्स जातीचं, पाऊण सीसीचं. मूळ मिल्स इंग्लंडचं, युद्धानंतरच्या वर्षांतलं. त्याच घडणीची इंजिनं पुढे भारतातही बनली, मामाचं त्यातलंच. यात प्लगच नसतो. सिलिंडरच्या डोक्यावर एक स्क्रू असतो, तो पिळला की दाब वाढतो आणि दाबानेच इंधन पेटतं. इंधन म्हणजे रॉकेल, ईथर आणि एरंडेल तेल, साधारण सारख्या वाट्याने. ईथर लवकर पेटतं, रॉकेल जोर देतं, एरंडेल वंगण करतं. आणि मामी म्हणते, "तिन्ही मिळून कपड्यांचा सत्यानाश करतात."

मला वाटलं होतं, इंधन भरू आणि उडवू. रॉकेल शोधता शोधता नाकी नऊ आले. ईथरसाठी दोन दुकानांत गेलो, तिथे माझ्याकडे जसं बघितलं ते बघून तिसऱ्या दुकानात गेलोच नाही. शिवाय ज्या शाळेच्या मैदानावर उडवायचं, तिथल्या शिपाईकाकांनी आधीच सांगितलं, "आवाज करायचा नाही, शेजारी तक्रार करतात."

म्हणून मी मामाला म्हटलं, इलेक्ट्रिक करूया. मामाचा चेहरा बघायला हवा होता. जणू मी म्हटलं, पुरणपोळी मायक्रोवेव्हमध्ये करूया.

वीज एवढी उशिरा का आली?

विमान तर तारांनाच बांधलेलं आहे. मग बॅटरी जमिनीवर ठेवून तारेतूनच वीज का नाही पाठवायची? हा विचार मलाही आला आणि इंग्लंडमध्ये हे झालेलंही आहे. हॉलच्या मधोमध खांब, त्याभोवती फिरणारी हलकी विमानं, वीज खांबावरून तारेने. पण मैदानावरच्या विमानाला ते परवडत नाही. ०.३ मिलिमीटर जाडीच्या दहा मीटर पोलादी तारेचा रोध काढून बघा. जाऊन-येऊन पन्नास ओहमच्या आसपास येतो. आमच्या मोटरला लागतात आठ-नऊ अँपिअर. एवढा करंट त्या तारेतून ढकलायला चारशेहून जास्त व्होल्ट लागतील, आणि वीज मोटरपर्यंत पोचायच्या आधी तारच जळेल. तांब्याची जाड तार घेतली तर वजन आणि वाऱ्याचा अडथळा. सगळ्या वाटा बंद.

म्हणजे बॅटरी विमानातच हवी. आणि तिथेच गाडी अडली होती. एक किलो रॉकेलमधली ऊर्जा एक किलो आजच्या लिथियम बॅटरीच्या साठपटीहून जास्त असते. छोटं इंजिन त्यातली बहुतेक उष्णता म्हणून फुकट घालवतं, तरी उरलेलं पुरतं. पन्नासच्या दशकातल्या बॅटऱ्या तर आजच्याहून कितीतरी कमजोर.

तरी लोक थांबले नाहीत. ३० जून १९५७ रोजी इंग्लंडमध्ये कर्नल टॅपलिन यांनी 'रेडिओ क्वीन' हे विमान विजेवर उडवलं. अधिकृत नोंद झालेलं हे पहिलं रेडिओ-नियंत्रित विद्युत उड्डाण मानतात. मोटर लष्कराच्या जुन्या सामानातली, आणि बॅटरी चांदी-जस्ताची. चांदी! त्याच वर्षी जर्मनीत फ्रेड मिलित्कीने छोटं मुक्त उडणारं इलेक्ट्रिक मॉडेल उडवलं. हा मिलित्की चिवट होता. पुढे ग्राउपनर कंपनीने त्याचं 'सिलेन्टियस' हे मॉडेल बाजारात आणलं. नावातच शांतता! आणि २१ ऑक्टोबर १९७३ रोजी ऑस्ट्रियात त्याच्याच प्रयत्नांतून माणूस बसलेलं एक मोटर-ग्लायडर निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांवर काही मिनिटं उडालं. म्हणजे खेळण्यातल्या विमानापासून खऱ्या विमानापर्यंतचं अंतर या माणसाने सोळा वर्षांत कापलं.

मग तीन गोष्टी जुळून आल्या. ऐंशीच्या दशकात निओडिमियम चुंबकं आली, त्यामुळे मोटरी छोट्या पण ताकदवान झाल्या. १९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली, कॅमेऱ्यांसाठी. आणि स्वस्त मायक्रोकंट्रोलरमुळे ब्रशलेस मोटर चालवणारं सर्किट बोटाच्या पेराएवढं झालं. तुमच्या हातातला फोन आणि मामाचं विमान, दोन्ही एकाच वाटेने इथवर आले आहेत.

पण तोवर तारेवरच्या विमानांचा जमाना ओसरला होता. साठच्या दशकापासून ट्रान्झिस्टरमुळे रेडिओ हलका आणि पुढे स्वस्त होत गेला. आवाजामुळे मैदानं बंद झाली. स्पर्धा मात्र टिकून आहेत : वेग, कसरती, शर्यत आणि कॉम्बॅट. वेगाच्या प्रकारात नऊ फेऱ्यांत बरोबर एक किलोमीटर व्हावा म्हणून तार १७.६९ मीटर ठेवतात. कसरतींच्या प्रकारात आता इलेक्ट्रिक विमानं सर्रास दिसतात.

खोलीत बसून केलेली शस्त्रक्रिया

मामाची एकच अट होती : "मूळ लाकडाला करवत लावायची नाही." म्हणजे इंजिन कधीही परत बसवता आलं पाहिजे. योग्य अट. मिल्स इंजिन दोन लाकडी दांड्यांवर आडवं बसतं, आणि मोटरला समोर उभी पाटी लागते. मी प्लायवुडची छोटी एल आकाराची पाटी केली आणि इंजिनाच्याच जुन्या भोकांत स्क्रू घातले. तेल प्यायलेल्या लाकडावर गोंद चिकटेना, म्हणून टाल्कम पावडर चोळून दोन दिवस तेल शोषून घेतलं. ही युक्ती मामीची. तुपाच्या डागाला ती हेच करते.

जुनं इंजिन, टाकी आणि इंधन मिळून साधारण नव्वद ग्रॅम. नवी मोटर, स्पीड कंट्रोलर, टायमर आणि दोन सेलची ८०० एमएएचची लिथियम पॉलिमर बॅटरी मिळून जरा जास्त, पण शंभरच्या आसपासच. हिशोब असा : मोटर सुमारे ६५ वॉट खाते, म्हणजे ७.४ व्होल्टला पावणेनऊ अँपिअर. चार मिनिटांत जवळपास ५९० एमएएच. बॅटरीत वीसेक टक्के नेहमी शिल्लक ठेवायचे असतात, म्हणजे आपण हद्दीत आहोत. गुरुत्वमध्य जुन्या जागी येईपर्यंत बॅटरी मागेपुढे सरकवली आणि तिथे वेल्क्रोने पक्की केली. इंधन संपत जातं तसा टाकीवाल्या विमानाचा तोल बदलत जातो. बॅटरी उतरली तरी वजन तेवढंच राहतं. हे ऐकून मामा पहिल्यांदा "हं" म्हणाला.

तारेच्या विमानाला थ्रॉटलची काठी नसते, म्हणून टायमर लागतो. तो कोड मी लिहिला. बटण दाबा, वीस सेकंद थांबा, मोटर सुरू, चार मिनिटं चालू, शेवटी दोनदा आचका देऊन इशारा आणि मग बंद. तीस ओळींचा कोड. ऑफिसात यापेक्षा मोठे कोड मी जेवणाआधी लिहितो, असं मी मामाला ऐकवलं सुद्धा.

मैदान

रविवारी सकाळी सातला मैदानावर. मामाने आधी मान वर करून पूर्ण चक्कर मारली. विजेच्या तारा जवळपास आहेत का, हे बघायला. हातात पोलादी तार असताना वरची विजेची तार म्हणजे थेट मृत्यू, हे एनसीसीत पहिल्या दिवशी शिकवतात. मग त्याने हँडलचा पट्टा मनगटाला बांधला, तारा ओढून बघितल्या, एलेव्हेटर हलवून बघितला. हात थरथरत होता, पण क्रम एकही चुकला नाही.

मी बटण दाबून विमान धरलं. मोटर फिरली. मामाने मान हलवली, मी सोडलं. आणि ते उडालं! पहिल्या चार फेऱ्या मामा काही बोलला नाही. मग म्हणाला, "आवाजच नाही रे. कळत नाही काय चाललंय." बरोबरच होतं. त्याचे कान इंजिनावरून वेग ओळखायला शिकले होते.

दीड मिनिटाने तो खुलला. एक लूप मारला. मग म्हणाला, "उलटं करतो." मी म्हटलं, "मामा, आज नको." त्याने केलंच. अर्धा लूप, विमान पाठीवर. उलट्या विमानाला सगळं उलटं लागतं : मनगट वर केलं की विमान जमिनीकडे येतं. दोन फेऱ्या छान गेल्या. तिसऱ्या फेरीत विमान जरा खाली आलं, मामाने घाबरून मनगट वर केलं, आणि फाट्!

मी धावलो. नाक मातीत रुतलेलं, पंखा अडकलेला, आणि धूर. इंजिन आपटलं की आपोआप बंद पडतं. माझा कोड बंद पडला नव्हता. त्याला वाटत होतं अजून दोन मिनिटं उरली आहेत, म्हणून तो अडकलेल्या मोटरमध्ये करंट कोंबत राहिला. स्पीड कंट्रोलर जळला. बॅटरी मी ओढून काढली, ती गरम झाली होती. अजून थोडा उशीर झाला असता तर ती पेटली असती आणि चाळीस वर्षांचं विमान माझ्या तीस ओळींमुळे जळालं असतं.

मी सॉरी सॉरी म्हणत होतो. मामाचं लक्षच नव्हतं. तो हातातल्या हँडलकडे बघत होता. मग म्हणाला, "मोटर चालू होती ना, आपटताना?"

"हो."

"मग इंजिन बंद पडलं नव्हतं."

मी गप्प. तो पुढे म्हणाला, "तेव्हाही हेच झालं असणार. मी वर ओढलं असणार. आपटलं म्हणून बंद पडलं, बंद पडलं म्हणून आपटलं नाही." थोडं थांबून म्हणाला, "बिचाऱ्या इंजिनाला चाळीस वर्षं शिव्या घातल्या मी."

आता त्या दिवशी खरंच काय झालं होतं, हे कुणी सांगू शकत नाही. कोर्ट नाही, साक्षीदार नाही. इंजिन खरंच आधी बंद पडलं असेलही. हे मी मामाला म्हटलं. तो म्हणाला, "असू दे. नाक दुरुस्त कर आणि तुझा तो कोड नीट लिही."

नाक दुरुस्त झालं. कोडमध्ये करंट मोजणारा सेन्सर जोडला. करंट अचानक चढला की अर्ध्या सेकंदात मोटर बंद. पुढच्या महिन्यात मामाने पूर्ण चार मिनिटं उडवलं, साठेक फेऱ्या, सगळ्या सरळ. उलटं करायची इच्छा आहे म्हणतो, पण आधी उंचावर सराव करणार. मिल्स इंजिन मामीच्या जुन्या बिस्किटांच्या डब्यात, एरंडेलात बुडवून ठेवलंय. दर रविवारी मामा ते काढतो, बोटाने एकदा फिरवतो आणि परत ठेवतो.

तर मंडळी, तुमच्या घरात कुणी काका, मामा, आत्या एनसीसीच्या एअर विंगमध्ये होते का, एकदा विचारून बघा. माळ्यावर काही सापडलं तर फोटो नक्की पाठवा. आणि लिथियम बॅटरीशी खेळणार असाल तर मोटर अडकली की करंट तोडायची सोय आधी करा, बाकीचं नंतर. भेटूया पुढच्या भागात!